फ्रान्स, गिनी आणि दहा वर्षं रिकामी राहिलेली राजदूताची खुर्ची

अभ्यासू_कासव (धागालेखक)

2023 साली नायजरमध्ये काय झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. 26 जुलैला लष्कराने राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना कोंडून सत्ता घेतली आणि 25 ऑगस्टला फ्रेंच राजदूत सिल्वँ इत्ते यांना 48 तासांत चालते व्हा म्हणून फर्मावलं. मॅक्रॉन म्हणाले, ज्यांना आम्ही सरकारच मानत नाही त्यांचा हुकूम कशाला ऐकायचा? मग राजदूत महिनाभर दूतावासात अडकून. सैनिकी शिध्यावर दिवस काढतायत, असं खुद्द मॅक्रॉननीच सांगितलं. 27 सप्टेंबरच्या पहाटे अखेर ते निघाले, आणि 2 जानेवारी 2024 पासून दूतावासालाच टाळं.

हे वाचता वाचता गिनीकडे वळलो. कोनाक्री राजधानी असलेली गिनी. त्या नावाचे आणखी दोन देश आफ्रिकेतच आहेत, म्हणून आधीच सांगतो. तिथे 1965 च्या नोव्हेंबरपासून 1975 च्या जुलैपर्यंत फ्रान्सचा राजदूतच नव्हता. संबंध परत जुळले तेव्हा पाठवलं कुणाला, तर आंद्रे लेविन यांना. हे गृहस्थ तोवर संयुक्त राष्ट्रांत सरचिटणीस वाल्डहाइम यांचे प्रवक्ते होते आणि त्याच नात्याने दोन्ही देशांत मध्यस्थी करत होते. म्हणजे लग्न जुळवणाऱ्यानेच बोहल्यावर उभं राहायचं!

माझं मत: मध्यस्थाला राजदूत करू नये. त्याने समोरच्याशी जमवलेली मैत्रीच पुढे त्याचे हात बांधते. लेविन यांच्या बाबतीत तेच झालं असं मला वाटतं. तुमचं काय म्हणणं?

तिरकस

आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे मसाई माराच्या सफारीचे धागे. हा वेगळा निघाला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दर्यावर्दी

विषय छान, पण 1958 सांगितल्याशिवाय 1965 कळणार नाही, म्हणून थोडं मागून.

द गॉल यांनी त्या वर्षी वसाहतींपुढे सार्वमत ठेवलं. 'हो' म्हणालात तर फ्रेंच समुदायात राहा, 'नाही' म्हणालात तर स्वतंत्र व्हा, पण मग तुमचं तुम्ही बघा. 25 ऑगस्टला ते कोनाक्रीत आले. गिनीचे नेते (पुढे राष्ट्राध्यक्ष) सेकू तूरे यांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं की गुलामीतल्या श्रीमंतीपेक्षा आम्हाला स्वातंत्र्यातली गरिबी परवडेल. द गॉल यांना असं ऐकायची सवय नव्हती. 28 सप्टेंबरच्या मतदानात गिनीत 95 टक्क्यांहून जास्त लोक 'नाही' म्हणाले आणि 2 ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींपैकी 'नाही' म्हणणारा हा एकटाच. नायजरमध्ये जिबो बाकारी 'नाही'चा प्रचार करत होते, पण तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने सगळं बळ लावून त्यांना पाडलं. धागालेखकाने नायजरपासून सुरुवात केली आहे म्हणून हे मुद्दाम.

पुढे फ्रान्सने काढता पाय घेतला तो असा की हजारो अधिकारी, तंत्रज्ञ, डॉक्टर काही आठवड्यांत परत. जाताना फायली आणि सामान नेल्याच्या, मोडतोड केल्याच्या कथा पुष्कळ आहेत. डिसेंबरमध्ये गिनी संयुक्त राष्ट्रांची सदस्य झाली तेव्हा फ्रान्स मतदानात तटस्थ राहिला. अशा घरी राजदूत म्हणून जायचं म्हणजे पहिल्या दिवसापासून शिव्याच खायच्या.

सदाफुली

दर्यावर्दी, मस्त प्रतिसाद. एक समजत नाही, एवढा राग का? शेजारच्या बाकी फ्रेंच वसाहती दोन वर्षांत, 1960 मध्ये स्वतंत्र झाल्याच की. मग गिनीनेच काय घोडं मारलं होतं?

दर्यावर्दी

@सदाफुली, बाकीच्यांनी विचारून घेतलं, गिनीने न विचारता. शिवाय 1 मार्च 1960 ला गिनीने फ्रँकची साथ सोडून स्वतःचं चलन काढलं, ते तर पॅरिसला फारच झोंबलं. फ्रेंच गुप्तहेर खात्याने त्या नव्या नोटांच्या खोट्या प्रती छापून गिनीत सोडल्या. त्या मोहिमेचं नाव 'पेर्सिल', म्हणजे तिकडची कपडे धुण्याची पावडर. आता सांगा, अशा वेळी कोनाक्रीत बसलेला फ्रेंच राजदूत सकाळी परराष्ट्रमंत्र्याला भेटायला गेला तर बोलणार काय?

खडूस_काका

बोलणार हवापाण्याचं. म्हणूनच म्हणतो, या राजदूत लोकांचं माहात्म्य उगाच वाढवू नका. फ्रान्सचं आफ्रिकेचं खातं पॅरिसमध्ये एकटे झाक फोकार चालवत होते, एलिझे प्रासादात बसून. त्यांचा थेट टेलिफोन राष्ट्राध्यक्षांना. मधला राजदूत फक्त 14 जुलैला शॅम्पेन वाटायला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही याहून जास्त अधिकार आहेत.

कोकणी_मेवा

काका, सोसायटीच्या सेक्रेटरीला 48 तासांत हाकलता येत नाही हेच दुःख आहे. (हलके घ्या.)

नदीकाठ

खडूस_काकांशी अर्धी सहमत. फोकार होते हे खरंच. पण सगळीकडे राजदूत शोभेचा नव्हता. आयव्हरी कोस्टमध्ये झाक राफाएल-लेग 1963 पासून 1979 पर्यंत फ्रान्सचे राजदूत होते. सोळा वर्षं एकाच गावात! राष्ट्राध्यक्ष उफुए-ब्वान्यी यांच्या घरच्यासारखे झाले होते ते. साधारण राजदूत तीन-चार वर्षांत हलतो, कारण जास्त राहिला तर तो आपल्या देशाचा राहत नाही अशी भीती असते. इथे पॅरिसला नेमकं तेच हवं होतं.

आबिजानमध्ये एक माणूस सोळा वर्षं, आणि त्याच काळात शेजारी कोनाक्रीत दहा वर्षं कुणीच नाही. दोन देशांना सीमा एक, पूर्वीचा मालक एक. फरक फक्त 1958 च्या उत्तराचा.

गिरणगावकर

वाचतेय. वाचनखूण साठवली.

तिरकस

तूरे यांनी फक्त फ्रेंचांनाच बाहेरचा रस्ता दाखवला असं समजू नका. 1961 च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत राजदूत दानिएल सोलोद यांनाही हाकललं. शिक्षकांच्या आंदोलनामागे मॉस्कोचा हात आहे म्हणून. ज्या देशाने मदतीला पहिली उडी घेतली त्याचाच राजदूत! मग जानेवारीत सोव्हिएत उपपंतप्रधान मिकोयान यांना स्वतः कोनाक्रीला धावावं लागलं, मनधरणीला. आणि त्याच 1962 मध्ये क्युबाच्या पेचप्रसंगात गिनीने सोव्हिएत विमानांना कोनाक्रीत इंधन घ्यायला नकार दिला. विमानतळ सोव्हिएतांच्याच पैशांनी सुधारलेला!

सोव्हिएतांनी तिकडे बर्फ हटवायची यंत्रं पाठवली ही दंतकथा याच काळातली. सांगोवांगी आहे, पण प्रत्येक पाश्चात्त्य राजदूताच्या तोंडी होती.

कोकणी_मेवा

बर्फाचं सोडा, पाऊस उपसायचा पंप पाठवायला हवा होता. मी कामानिमित्त कोनाक्रीत राहिलो आहे. शहर म्हणजे समुद्रात घुसलेली एक अरुंद जिभली. तिच्या टोकाला कालूम, तिथे मंत्रालयं, बंदर आणि बँका. वर्षाला पावणेचार मीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. जुलै-ऑगस्टला तर आंबोलीची आठवण यावी. लाल माती, आंबे, काजू, फणससुद्धा. घरी फोनवर वर्णन केलं तर आई म्हणाली, मग एवढ्या लांब गेलासच कशाला?

अवांतर संपवून मुद्द्यावर: तिथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांकडे फ्रेंचांचा विषय काढला तर दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, 'आम्ही नाही म्हणालो.' हे छाती काढून. दुसरं कॅम्प ब्वारोबद्दल, आणि ते खाली आवाजात. बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी तिथे गेलेलं.

सदाफुली

कॅम्प ब्वारो म्हणजे तुरुंग ना?

नदीकाठ

हो, कोनाक्रीतली लष्करी छावणी. राजकीय कैदी तिथेच. 'काळा आहार' नावाची शिक्षा होती तिथे: कोठडीत टाकायचं आणि अन्नपाणी पूर्ण बंद करायचं, मरेपर्यंत. याविषयी पुढे लिहिणार आहे, कारण धागालेखकाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते तिथेच आहे. आधी 1970 येऊ द्या.

गोंयकार

1970 माझ्याकडे लागलं. आमच्या पोर्तुगेज पाव्हण्यांचा पराक्रम म्हणून.

22 नोव्हेंबरच्या रात्री पोर्तुगीज आरमाराने कोनाक्रीवर छापा घातला. शेजारच्या पोर्तुगीज गिनीत आमिल्कार काब्राल यांची स्वातंत्र्यचळवळ चालू होती आणि तिचं ठाणं कोनाक्रीत. काब्रालना पकडायचं, तूरेंना उलथवायचं, पोर्तुगीज युद्धकैदी सोडवायचे असा बेत. कैदी सुटले, बाकी दोघंही हाती लागले नाहीत. गोव्याला मुक्त होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, पण लिस्बनचं डोकं काही ताळ्यावर आलं नव्हतं.

त्यानंतर तूरेंना सगळीकडे कट दिसू लागले, आणि आता तर दाखवायला पुरावाही होता. 1971 च्या जानेवारीत कोनाक्रीच्या एका पुलावर माजी मंत्र्यांना फाशी दिलं. आर्चबिशप चिदिंबो तुरुंगात गेले ते 1979 लाच बाहेर आले. पश्चिम जर्मनीवर छाप्यात सामील असल्याचा आरोप, तेही संबंध तुटले.

राजदूत नसताना काम कसं चालतं याचा नमुना आपल्याकडेच आहे. भारत-पोर्तुगाल संबंध 1955 मध्ये तुटले ते 1974 च्या शेवटी जुळले. मधल्या काळात पोर्तुगालचं इथलं काम ब्राझीलने पाहिलं आणि आपलं काम इजिप्तने. व्हिएन्ना करारात याची रीतसर तरतूद आहे: संबंध तुटले तरी दूतावासाच्या इमारतीला आणि कागदांना हात लावायचा नाही, आणि तिसऱ्या देशाला राखण करायला सांगायचं.

खडूस_काका

बघा, म्हणजे मी म्हणतो तेच. एकोणीस वर्षं राजदूत नव्हता, कुणाचं काय अडलं?

गोंयकार

ज्यांचे अर्धे नातेवाईक लिस्बनला होते त्यांना विचारा काका.

लोखंडी_पूल

खाण आणि धातूच्या धंद्यातला आहे म्हणून एक भर. गिनीत जगातला सर्वांत मोठा बॉक्साइटचा साठा आहे. फ्रिया इथे अॅल्युमिना कारखाना 1960 मध्ये सुरू झाला, आफ्रिकेतला पहिला, फ्रेंच पेशिने कंपनीच्या पुढाकाराने. 1965 मध्ये राजदूत गेला, पेशिने गेली नाही. दहा वर्षं दूतावासाला कुलूप आणि फ्रियाची भट्टी चालू. तूरे रेडिओवर फ्रेंच साम्राज्यवादाला शिव्या घालत आणि त्याच फ्रेंच कंपनीचा अॅल्युमिना बंदरातून रवाना होई. परकीय चलन यायचं ते मुख्यतः तिथूनच.

त्यामुळे 'संबंध तुटले' हे वाक्य मी जरा जपून वाचतो. तोच कारखाना आता रशियन रुसालकडे आहे. 2012 मध्ये संपात बंद पडला, 2018 मध्ये परत सुरू झाला.

अभ्यासू_कासव

@लोखंडी_पूल, हे भारी आहे. म्हणजे फ्रियातला फ्रेंच व्यवस्थापक हाच खरा अनधिकृत राजदूत!

@गोंयकार, जर्मनीचा उल्लेख आलाच आहे तर: लेविन यांचं पहिलं काम तेच. जर्मन सरकारने वाल्डहाइमना गळ घातली, त्यांनी लेविनना पाठवलं. 1974 मध्ये गिनीच्या तुरुंगातले जर्मन कैदी सुटले. तूरेंना हा माणूस आवडला. तोवर पॅरिसमध्ये राष्ट्राध्यक्षपदी पाँपिदू जाऊन जिस्कार आले होते. द गॉलच्या माणसांचा जुना हिशेब त्यांच्या डोक्यावर नव्हता. मग तीच किल्ली फ्रान्सच्या कुलपाला लावली. 14 जुलै 1975, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, संबंध परत सुरू झाल्याचं जाहीर झालं आणि गिनीतले फ्रेंच कैदीही सुटले.

नदीकाठ

आता माझं राहिलेलं.

जुलै 1976 मध्ये तूरेंनी दिआलो तेल्ली यांना अटक केली. हे साधे गृहस्थ नव्हेत. गिनीचे संयुक्त राष्ट्रांतले पहिले राजदूत, नंतर आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले सरचिटणीस, 1964 ते 1972. मायदेशी बोलावलं, मंत्री केलं, आणि मग फुला जमातीचा कट म्हणून आत टाकलं. 1977 च्या सुरुवातीला कॅम्प ब्वारोत काळ्या आहाराने ते मेले. त्या वेळी लेविन कोनाक्रीत राजदूत होते. गावात सगळ्यांना माहीत होतं. फ्रान्सने आवाज काढला नाही.

दुसरी गोष्ट फ्रान्समधलीच. ज्याँ-पॉल अलाता नावाचे कैदी 1975 मध्ये सुटले. जन्माने फ्रेंच, पण तूरेंच्या नोकरीत होते आणि नागरिकत्व गेलं होतं. त्यांनी कॅम्प ब्वारोच्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. 1976 मध्ये पॅरिसच्या गृहमंत्र्याने त्यावर बंदी घातली! विचारस्वातंत्र्याच्या माहेरघरी. कारण एकच, कोनाक्री नाराज व्हायला नको.

कासवभाऊंच्या मूळ मुद्द्याशी म्हणून मी सहमत आहे, फक्त दोष एकट्या लेविनना देत नाही. ज्याच्या शब्दावर तूरेंनी कैदी सोडले, त्याला परत त्याच दारात उभं केलं की तो तोंड उघडेल कसं? त्याचं सगळं भांडवल तूरेंची मर्जी. ते पॅरिसला ठाऊक होतं, म्हणूनच त्यांना निवडलं.

दर्यावर्दी

ठाम असहमत.

तोंड उघडून काय झालं असतं? 48 तासांत विमानात बसवलं असतं आणि परत दहा वर्षं अंधार. 2022 मध्ये मालीत तेच झालं. फ्रेंच परराष्ट्रमंत्री तिथल्या लष्करी सरकारला बेकायदेशीर म्हणाले, राजदूत जोएल मेयर यांना 72 तासांची मुदत. बुर्किना फासोतून 2023 च्या जानेवारीत लूक हाल्लाद यांना परत बोलवावं लागलं, त्यांचं स्पष्ट बोलणं तिथल्या लोकांना रुचलं नव्हतं. मग नायजर. तिन्ही ठिकाणी बाणेदारपणा झाला, आणि तिन्ही ठिकाणी फ्रान्सच्या हातात काय उरलं?

लेविन कोनाक्रीत गेल्यानंतर काय काय झालं तेही मोजा. मार्च 1978 मध्ये लायबेरियात मनरोव्हियाला तूरे, सेनेगलचे सेंघोर आणि आयव्हरी कोस्टचे उफुए-ब्वान्यी यांची दिलजमाई. डिसेंबरमध्ये जिस्कार स्वतः कोनाक्रीत. 1979 मध्ये आर्चबिशप सुटले. माणसं बाहेर येत होती.

नदीकाठ

@दर्यावर्दी, 1978 ची मोजणी करता तर 1977 चा ऑगस्टही मोजा. कोनाक्रीच्या बाजारातल्या बायका रस्त्यावर उतरल्या, आर्थिक पोलिसांच्या जाचाविरुद्ध, थेट राष्ट्राध्यक्षांच्या दारापर्यंत. तूरे नरम पडले ते त्यांच्यामुळे. खासगी व्यापार परत सुरू झाला तो त्यांच्यामुळे. राजदूताच्या खात्यावर हे पुण्य जमा करू नका. आर्चबिशपसाठीही पोप आणि लायबेरियाचे टॉलबर्ट यांनी रदबदली केली होती.

दर्यावर्दी

बायकांचं श्रेय बायकांना, शंभर टक्के. पण फ्रेंच कैदी बाजारातल्या बायकांनी सोडवले नाहीत.

गिरणगावकर

दोघांचंही पटतंय, म्हणजे माझं काहीतरी चुकतंय.

सदाफुली

मी मधल्या वेळात लेविन यांच्याबद्दल शोधलं. हे नंतर आपल्याकडे होते की! 1987 ते 1991 दिल्लीत फ्रान्सचे राजदूत. मग ऑस्ट्रिया, मग 1996 ते 1999 सेनेगल. दिल्लीत त्यांच्यासोबत होत्या लेखिका कॅथरीन क्लेमाँ, ज्यांनी पुढे नेहरू आणि एडविनावर फ्रेंचमध्ये कादंबरी लिहिली.

लोखंडी_पूल

म्हणजे फेब्रुवारी 1990 ला, बंगळूरला इंडियन एअरलाइन्सचं ए-320 पडलं तेव्हा तेच होते. सरकारने त्यानंतर सगळी ए-320 जमिनीवर उभी केली होती. फ्रान्सच्या राजदूताला तेव्हा काय काय ऐकावं लागलं असेल! कोनाक्री बरी असं वाटलं असेल.

खडूस_काका

व्ही. पी. सिंगांच्या दिल्लीपेक्षा सेकू तूरे बरे? लोखंडी_पूल, आता वेगळा धागा काढा.

अभ्यासू_कासव

काका, थांबा, हा अजून संपला नाही.

लेविन निवृत्तीनंतर फ्रान्स-गिनी मैत्री संघटनेचे अध्यक्ष झाले आणि सेकू तूरेंचं आठ खंडांत चरित्र लिहिलं. आठ! 2012 मध्ये ते वारले. ज्याच्या दरबारात चार वर्षं वकिली केली त्याच्यावरच उरलेलं आयुष्य घालवलं. माझ्या मूळ म्हणण्याला याहून मोठा पुरावा काय हवा? हा माणूस कोनाक्रीतून बाहेर पडलाच नाही.

दर्यावर्दी

किंवा उलट. राजदूत असताना जे बोलता आलं नाही ते सगळं कागदावर आणायला त्याला आठ खंड लागले. त्यात कॅम्प ब्वारोही आहे आणि दिआलो तेल्लीही. तुम्ही-आम्ही आज इथे भांडतोय त्यातली बरीच माहिती त्याच कागदांतून फिरत फिरत आपल्यापर्यंत आली आहे. मॅक्रॉनच्या तीन राजदूतांपैकी कुणी आठ खंड लिहिले तर कळवा.

नदीकाठ

पंचवीस-तीस वर्षांनी लिहिलेले खंड दिआलो तेल्लींच्या उपयोगाचे नव्हते.

तिरकस

नायजरच्या प्रश्नाकडे येऊ या का? म्हणजे तिथे परत राजदूत पाठवायची वेळ आली तर फ्रान्सने कुणाला पाठवावं? माझं मत अल्जेरिया नाहीतर टोगोच्या एखाद्या मध्यस्थाला, तो बोहल्यावर उभा राहणार नाही हे नक्की.

कोकणी_मेवा

युरेनियमच्या खाणीवरचा एखादा फ्रेंच फोरमन पाठवा. लोखंडी_पूल यांचं फ्रियाचं सूत्र लावलं तर तोच योग्य उमेदवार ठरला असता.

लोखंडी_पूल

फोरमनही राहिला नाही. आर्लीतच्या युरेनियम खाणीचा ताबा फ्रेंच ओरानो कंपनीकडून गेला आणि 2025 च्या जूनमध्ये नायजरने ती खाण चालवणारी स्थानिक कंपनी राष्ट्रीयच करून टाकली. गिनीत निदान भट्टी चालू होती. इथे दोन्हीला कुलूप आहे, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न. गोंयकार, पोर्तुगाल-भारत पुन्हा जुळलं तेव्हा पहिलं पाऊल कुणी टाकलं होतं?

गोंयकार

लिस्बनने. 1974 च्या एप्रिलमध्ये तिथली हुकूमशाही कोसळली, नव्या सरकारने गोवा भारताचा हे मान्य केलं आणि वर्ष संपायच्या आत दिल्लीत करार झाला. मध्यस्थ कुणी लागला नाही, सरकार बदलावं लागलं.